भावजी आणि बियांचं पाणी

मुलांनो, बोटातला रक्ताचा थेंब घेतल्याशिवाय पाहुण्याला चहा न देणारा यजमान सगळ्या रत्नागिरीत एकच होता, आणि तो आपल्याच नात्यातला होता. तुमच्या आजोबांचे हे मावसभाऊ, माझे भावजी. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाले, त्याच सुमारास त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या जावेच्या, पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. रक्त गोठू नये म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि दर महिन्याला तपासणीसाठी कोल्हापूरची वारी मागे लागली. "हेच काम एखादं बी करत नसेल कशावरून?" भावजी म्हणाले, आणि संपलंच.

आंब्याच्या दिवसांत ते पंगतीमागे ताट घेऊन उभे राहत. "चोखून झाला की बाठा इकडे!" आठळ्या, चिंचोके, पपईच्या बिया, सगळ्यांची पूड व्हायची. ती पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून बाटल्यांत भरायची. मग काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब घ्यायचे. एक नुसता, दुसऱ्यात बियांचं पाणी. उकळलेली सुई दर अर्ध्या मिनिटानं थेंबातून ओढायची. सुईबरोबर तलम धागा वर आला की रक्त गोठलं. स्वतःच्या बोटांची चाळण झाल्यावर आमची पाळी आली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका हात पदराखाली घेऊन बसत.

"वहिनी, बोट."

"भावजी, मी आंबोळ्या घालतेय."

"डावं चालेल."

हा माणूस जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेला. तो वाटी घेऊन कोंबडीवाल्याकडे रक्त मागायला गेला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "मास्तर, लाजू नका हो. घरी सांगत नाही मी!"

दोन वर्षांनी एका सकाळी चिंचोक्याचं पाणी घातलेला थेंब गोठेचना. नुसत्या थेंबाला केव्हाच धागा आला होता. दुसऱ्याला पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. भावजी चक्क नाचले. जाऊ खाटेवरून बघत होती. तिनं हात पुढे केला.

"द्या मग ते पेल्यात. त्या गोळ्यांनी हिरड्यांतून रक्त येतं. आणि घाटातून तो पाय घेऊन जाणं आता माझ्यानं होत नाही."

भावजी नाचायचे थांबले.

"काचेवरचा थेंब म्हणजे तू नव्हेस गं. पोटात गेल्यावर हे काय करील, मला ठाऊक नाही. काहीच करणार नाही, नाहीतर नको तेवढं करील."

"मग दोन वर्षं केलंत काय?"

हात धुऊन भावजींनी डॉक्टरांची गोळी आणि पाणी आणून दिलं, आणि ती गिळेपर्यंत समोर उभे राहिले.

सोमवारी दोघं एसटीनं कोल्हापूरला निघाली. डबा द्यायला मी स्टँडवर गेले होते. तिचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन भावजी बसले होते, आणि ती खिडकीबाहेर बघत होती. आता दोघंही नाहीत. पण त्या प्रवासाचं तिनं मला पुढे एकदा सांगितलं होतं. "पालीपर्यंत बोलले नाही मी त्यांच्याशी. मग दुसराही पाय दिला त्यांच्या मांडीवर. तो काही दुखत नव्हता."