आबांची निजलेली झाडं

माझे सासरे आबा दर हिवाळ्यात झाडांना झोपवत. लग्न होऊन शिरपूरला आले तेव्हा विहिरीपलीकडे पीचची झाडं उभी होती, अंगावर एक पान नसलेली. मी तिथून कुणाला तरी हाक मारली, तर आबा ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हाळू बोल बेटा, झाडे झोपेल शेतस." माहेरी धुळ्याला मी तऱ्हेवाईक माणसं थोडी का पाहिली होती! पण इतकं गोड वेड पाहिलं नव्हतं.

आबा तरुणपणी पलटणीत होते, क्वेट्ट्याला. पीचला ते आडू म्हणत, आणि तिथल्या आडूची चव त्यांच्या जिभेवरून कधी उतरलीच नाही. पुढे फाळणी झाली, क्वेट्टा परदेशात गेलं. आता तो आडू खायचा तर इथेच पिकवायचा, असं त्यांनी घेतलं मनावर. कपाशीच्या मुलखात, जिथे वैशाखात विहिरीचा दोरसुद्धा हाताला चटका देतो, तिथे!

दिवाळी सरली की ते झाडांचं पाणी तोडत, मुळांवरची माती उकरत, पानं हातानं खुडत. "तठे बरफ निजाडस, आठे माले निजाडनं पडस," म्हणत. थंडीत निजल्याशिवाय आडू फुलत नाही, असं त्यांचं म्हणणं. क्वेट्ट्याच्या थंडीच्या हिशेबानं महाशिवरात्रीपर्यंत थेंब नाही. मग फुलं येत, सुपारीएवढी फळं धरत आणि वैशाखाच्या झळांनी गळून जात. आबा ती धोतराच्या सोग्यात गोळा करत. मला फार वाईट वाटे.

एका वर्षी पौषातच कडेचं झाड गुलाबी फुललं. सासूबाईंनी, आमच्या अक्कांनी, चोरून त्याला रोज हंडाभर पाणी घातलं होतं. "माले देखायनं नही. किती तहान लागनी व्हई तेले!" आबांचा पारा चढला. झोपमोड केली म्हणून त्यांनी अक्कांशी अबोला धरला. जेवताना मीठसुद्धा माझ्याकरवी मागत.

पण त्याच झाडाची फळं झळा सुरू व्हायच्या आत, चैत्रातच पिकली. क्वेट्ट्याची लांब झोप आमच्या हवेला मानवत नव्हती, एवढंच.

आबांनी पहिला आडू हातानंच फोडला आणि अर्धा अक्कांपुढे धरला. अक्कांनी भीत भीत विचारलं, "तठला सारखाच लागस का?"

फळ लहान होतं, आंबटसर होतं. आबा डोळे मिटून चघळत राहिले.

"तठला कसा लागे, माले आते याद नही," ते अक्कांना म्हणाले.

आबा जाईपर्यंत त्यांनी पुन्हा कधी क्वेट्ट्याचं नाव काढलं नाही.