भिंतीकडची बाजू

दर्शना गावची आशा सेविका. लशी, गोळ्या, बाळंतपणं, सगळं तिच्याकडे. पण गंगाकाकूंच्या तोंडी लागायची तिची छाती होत नसे. "तुझी दोन पोरं, माझी सात झाली. तू मला काय शिकवतंस गो?" असं काकू चारचौघींत म्हणाल्या होत्या. सातांतली चारच जगली, हे मात्र त्या कधी बोलत नसत. तेव्हापासून दर्शनाने त्या घरात तोंडाच्या वाफा दवडणं सोडलं. आरोग्य केंद्रातून स्तनपानाची पत्रकं आली तेव्हा तिला हायसं वाटलं. छापील कागदाला वजन असतं, बाईच्या तोंडाला कुठलं?

काकूंची सून नम्रता पहिलटकरीण. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. नवरा रितेश मुंबईला. दर्शनाने तिच्या हातात पत्रक ठेवलं. "सगळं यात आहे गो, नीट वाच." पुढे गुटगुटीत, हसरं बाळ, मागे मजकूर. पुढच्या खेपेला गेली, तर पत्रक नम्रताच्या खाटेसमोर भिंतीवर भाताच्या खळीने पक्कं चिकटवलेलं. गरोदर बाईने रोज गोड चेहरा बघावा, म्हणजे मूल तसंच होतं, ही काकूंची समजूत. आपला कागद त्या घरात भिंतीवर लागला, याचाच दर्शनाला केवढा आनंद! मागची बाजू कुठे गेली, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

नम्रताला मुलगा झाला तेव्हा दर्शना रत्नागिरीला प्रशिक्षणाला गेली होती. विषय स्तनपानच. हसावं की रडावं! बाळंतिणीला दवाखान्यातून घरी आणल्यावर काकूंनी पिवळा चीक पिळून माडाच्या बुंध्यात टाकला. म्हशीच्या चिकाचा खरवस मिटक्या मारत खाणारं घर, पण बाईचा चीक म्हणे बाळाला बाधतो. पांढरं दूध उतरेपर्यंत बोटाने मध आणि विहिरीचं पाणी. जुलाब सुरू झाले, आणि संगमेश्वरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेलं. काकूंनी वाईट चिंतलं नव्हतं. त्यांच्या सासूने केलं तेच त्यांनी केलं.

दर्शना भेटायला गेली. नम्रता भिंतीकडे बघत बसली होती, पोलकं पुढून भिजलेलं.

"ताई, आता दूध येतंय," ती म्हणाली. "काय करू त्याचं?"

ते हसरं बाळ तरी पोरीच्या डोळ्यांसमोरून काढावं, म्हणून दर्शना उठली आणि तिने कागदाचा कोपरा ओढला. मागची पहिलीच ओळ दिसली: पहिलं पिवळं दूध टाकू नका, ते बाळाला पाजाच. हे आपण तोंडाने एकदा सांगितलं असतं तर! तिने घाईघाईने कागदावर तळवा दाबून धरला.

"नको गो ताई काढू," मागून नम्रता म्हणाली. "बारशापर्यंत बाळाचा फोटो काढायचा नाय म्हणून सासूबाईंनी काढू दिलानी नाय. त्याचा चेहरा आठवायला गेले तर आता हाच येतो डोळ्यांसमोर. असू दे."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि भाताची चार शितं घेऊन आली. दर्शनाने ती कोपऱ्यामागे चोळली आणि कागद आपल्या हाताने पुन्हा भिंतीला चिकटवला.