मान हलवू नकोस, आजी

आमच्या घरात मुलगा इंजिनियर, सून इंजिनियर आणि नात कॉलेजात त्याच वाटेवर. शाळेशी जेमतेम ओळख झालेली अशी मी एकटीच. पण गेल्या वर्षी नेमकं तेच कामाला आलं बघा.

नातीच्या प्राध्यापिकाबाईंची शिकवायची तऱ्हाच निराळी. त्यांनी मुलांना सांगितलं, धडा घरातल्या अशा माणसाला शिकवा, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मग त्या माणसाने कॅमेऱ्यासमोर तो आपल्या शब्दांत सांगायचा. मार्क त्याच्या सांगण्याला. तुम्ही मध्ये तोंड उघडायचं नाही. नातीची मिडटर्म परीक्षा आधीच वाईट गेली होती. हा व्हिडिओ बिघडला असता तर अख्खा कोर्स पुन्हा करावा लागला असता. पोरीचं जेवणावरून लक्षच उडालं होतं.

"आजी, मला तूच हवीस. आईबाबा चालत नाहीत, दे नो टू मच."

म्हटलं, चला, या वयात अडाणीपणाला भाव आला!

विषय होता एसी. परदेशातल्या आमच्या या वाळवंटी चँडलर गावात उन्हाळ्यात एसी म्हणजे प्राणवायूच. नातीने लॅपटॉप उघडला, रंगीत चित्रं दाखवली, बाण इकडून तिकडे पळवले. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, पण इतकं जीव ओतून सांगत होती!

"कळलं, आजी?"

"कळलं गं."

"हे पण?"

"हो, हो."

कॅमेरा सुरू झाला. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "हे यंत्र गार हवा आत सोडतं."

झाला माझा धडा! नातीने तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते. मी म्हटलं, "आणि माझ्या मुलाने ते बसवून घेतलंय." तिने कॅमेरा बंद केला.

"आजी, यार! मग कळलं का म्हणालीस?"

"अगं, तू एवढी घसा कोरडा करतेयस, नाही कसं म्हणू? वाईट दिसतं."

ती हसायला लागली. "मी पण क्लासमध्ये तेच करते," म्हणाली. "सगळे नॉड करतात, मग मी पण करते. आता मान हलवू नकोस, आजी. नाही कळलं तर सांग."

मग काय, मी सुटलेच. म्हटलं, तू म्हणतेस घरातली उष्णता उचलून बाहेर टाकायची. पण बाहेर तर आधीच भट्टी. गरम जागेत उष्णता जाईल कशी? चहा गार खोलीत निवतो, तापलेल्या तव्यावर निवेल का?

नातीने चित्रातल्या बाणांवरून बोट फिरवलं. "आय डोन्ट नो," ती हळूच म्हणाली, आणि पुस्तकात डोकं घालून बसली. थोड्या वेळाने उठली, गॅरेजमधून सायकलचा पंप आणला आणि चाकात जोरजोरात हवा भरायला लावली मला! "आता पंपाला खाली हात लाव." पंपाची नळी चांगलीच तापलेली.

"बघ, गॅस दाबला की तापतो. एसी घरातली उष्णता घेतलेल्या गॅसला इतका दाबतो, की तो बाहेरच्या उन्हाहूनही गरम होतो. मग उष्णता बाहेर जाणारच ना?"

आणि मला माझी तुळस आठवली. घरामागे एसीच्या पेटीशेजारी कुंडी ठेवली होती, बिचारी होरपळून गेली. मी उन्हाला बोल लावत होते. म्हणजे आमच्या घरातली उष्णता तिच्या अंगावर जात होती!

दुसऱ्यांदा व्हिडिओ केला तो तुळशीपासूनच. मध्येच मी अडखळले, तर मुलगा स्वयंपाकघरातून म्हणतो, "आई, बारीक नळी, बारीक नळी..." "बाबा! चीटिंग!" पुन्हा सगळं पहिल्यापासून. या खेपेला मात्र मी घडाघडा सांगितलं: गॅस दाबला की तापतो, उष्णता बाहेर टाकून निवतो, बारीक नळीतून मोकळा सुटला की गारठतो आणि पुन्हा घरातली उष्णता घ्यायला येतो. व्हिडिओखाली माझ्या मराठीचं इंग्रजी नातीने घातलं.

पास झाली! चांगले मार्क मिळाले. त्या दिवशी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या पोरीने. बाईंनी शेवटी माझ्यासाठी प्रश्न पाठवला होता: हेच यंत्र थंडीत तुमचं घर गरम करतं, ते कसं?

"सांगू, आजी?"

"खबरदार! मला विचार करू दे."

डिसेंबरातल्या एका सकाळी घरात उबदार हवा सुरू झाली. मी स्वेटर घालून मागे गेले आणि पेटीच्या वाऱ्यात हात धरला. बर्फासारखा गार! तशीच आत धावले. नात झोपली होती, तिच्या गालाला तोच हात लावला.

"उलटं गं! आता बाहेरची उष्णता आत आणतंय!"

ती किंचाळली, आणि डोळे न उघडताच म्हणाली, "करेक्ट, आजी. आता हात काढ."