रक्तदात्यांच्या पट्ट्या

सत्तरच्या दशकात मी धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात कारकून होते. रक्तदात्यांची वही माझ्याकडे असे. माणसं आली त्या क्रमानं लिहिलेली: नाव, मोहल्ला, रक्तगट, मागच्या वेळी रक्त कधी दिलं. रकाने मी स्वतः लाल शाईनं आखले होते आणि त्या आखणीचा मला भारी अभिमान होता.

एका दुपारी कुही गावाकडून एक बाळंतीण आणली. रक्तस्राव थांबत नव्हता. डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या, "ओ निगेटिव्ह कोण आहे बघा, लवकर!"

रक्तगटाच्या रकान्यावर बोट ठेवून मी पानांमागून पानं पाहत गेले. समोर बाळंतिणीचा नवरा उभा होता, हातात तिच्या चपला. "ताई, माहं रक्त घ्या ना, किती बी घ्या," तो म्हणत होता. त्याचं जुळत नाही, हे त्याला दोनदा सांगून झालं होतं.

शेवटचं पान संपलं. मी आत जाऊन सांगितलं, "कोणी नाही."

बाईंनी लगेच दुसरीकडे फोन सुरू केले. मला मात्र बसवेना. वही पुन्हा पहिल्यापासून काढली, आणि मधल्याच एका पानावर नाव सापडलं. सदर भागातल्या शाळेतले कवायतीचे मास्तर. घाईघाईत मी दोन पानं एकदम उलटली होती. शाळेत फोन लावला. मास्तर सायकल हाणत आले, शिटी गळ्यात तशीच. बाळंतीण वाचली.

संध्याकाळी मी डॉक्टरीणबाईंना खरं ते सांगितलं. सांगताना रडू आलं.  त्या म्हणाल्या, "आज तुम्ही चुकलात, उद्या मी चुकेन. शोधावंच लागणार नाही असं काहीतरी करा."

महाल भागातल्या एका सुताराकडून मी आडव्या खाचांचा मोठा फळा करून घेतला. प्रत्येक रक्तदात्याची पुठ्ठ्याची एक पट्टी, तिच्यावर वहीतलेच रकाने. पट्ट्या खाचेत सरकवल्या की सगळ्यांचे रकाने एका रेषेत येत. गटाप्रमाणे पट्ट्या लावून कडा रंगवल्या. ओ निगेटिव्ह लालभडक. हव्या तेव्हा पट्ट्या काढून मोहल्ल्यांप्रमाणेही लावता येत.

हेडक्लार्कना ते पसंत नव्हतं. "चांगली वही सोडून हे काहून करून राहिल्या तुम्ही?" पण महिनाभरात तेच येणाऱ्या-जाणाऱ्यांना फळा दाखवू लागले.

रक्तदातेही आपली पट्टी बघायला यायचे. मास्तर एकदा हिरमुसून म्हणाले, "मी खाली काहून गेलो?"

"परवाच रक्त दिलंत ना, सर. नुकतं दिलेले खाली."

"मग वर कधी येईन?"

"तीन महिन्यांनी."

ते हिशेबानं तीन महिन्यांनी हजर झाले.

पुढं मी नोकरी सोडली. काही वर्षांनी सहज दवाखान्यात डोकावले, तर माझ्या जागी आलेल्या मुलीनं सगळ्या पट्ट्या नावांप्रमाणे लावलेल्या. मला राग आला. काहून, म्हणून विचारलंच.

"आज सगळ्यांना पत्रं धाडायची आहेत, मावशी," ती म्हणाली, "नावानं सोपं जाते. थांबा, चहा येईपर्यंत गटावर आणते."

खरंच, चहा यायच्या आत तिनं पट्ट्या सरसर काढून पुन्हा लावल्या. लाल कडा एकाखाली एक आल्या. मी नुसती बघत बसले.