खिळ्यावरचं मंगळसूत्र

भरवेलीच्या रस्त्यावर ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या बागेतला बॅटरीवरचा छोटा ट्रॅक्टर ओल्या मातीत जागीच घुरघुरायचा, म्हणून त्याला रिक्षाची दणकट मोटर बसवून घ्यायला मी आणि आई त्यांच्याकडे गेलो होतो.

मोटर बसली. तारा जोडण्याआधी बाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून खिळ्याला अडकवलं. आईचा चेहराच उतरला.

"काहून काढलं बाई? नवरा हाय ना?"

"हौ माय, हाय. पण बॅटरीले थोडीच समजते, हे कोनाच्या नावाचं हाय ते!"

त्या बॅटऱ्यांवर ओणवल्या. शेवटचा नट आवळताना पाना निसटला आणि बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा पडला. फाडकन ठिणगी उडाली आणि पाना खाली पडला. बाईंचा हात आधी गळ्याशी गेला. तिथे काहीच नव्हतं. मग त्यांनी तोच पाना उचलून पुन्हा नट आवळायला घेतला. मला तर बघवेना.

विटांवर उचललेल्या ट्रॅक्टरची मागची चाकं गरगर फिरली. मी खूश झालो. आई मात्र चाकांकडे बघतही नव्हती. बाईंचे हात काळे झाले होते, म्हणून तिनंच खिळ्यावरचं मंगळसूत्र काढून त्यांच्या गळ्यात घातलं.