बाईंच्या बाटलीतला मणी

नूतन घाणेकरच्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही. पत्र हरवलेलं नाही, विसरलेलंही नाही. ते माझ्या टेबलावर समोरच असतं आणि त्यावर वजन म्हणून उकिडवेबाईंची काचेची बाटली ठेवलेली असते. बाटलीत झिओलाइटचे मणी आहेत, साबुदाण्याएवढे, मळकट पांढरे.

वासंती उकिडवे आणि मी एकाच संस्थेत रसायनशास्त्रात होतो. बाई प्रयोगशाळेतल्या, मी संगणकावरचा. अमुक स्फटिकात इतका नायट्रोजन मावेल असं मी गणितानं सांगायचो. बाई तो स्फटिक तयार करून मोजायच्या आणि माझं कुठे चुकलं ते हसत हसत दाखवायच्या. अशाच स्फटिकांचे हे मणी, ऑक्सिजनच्या मशीनमध्ये असतात तेच. त्यांच्या आत डोळ्यांना न दिसणारी पोकळ दालनं असतात. हवा आत ढकलली की नायट्रोजन दालनांच्या भिंतींना चिकटून राहतो आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. पण हवा दमट असली की त्या जागा पाणीच आधी पटकावतं.

निवृत्त झाल्यावर बाई रत्नागिरीला राहायला गेल्या. तिथेच त्यांची फुप्फुसं थकली आणि असंच एक मशीन त्यांच्या उशाशी आलं. पावसाळ्यात ते दमायचं. "मण्यांना पाणी चढलंय, खांबेटे," बाई फोनवर धापा टाकत म्हणायच्या आणि वर हसायच्या. पाण्याला न जुमानणाऱ्या एका स्फटिकाचं गणित मी तेव्हा मांडलं होतं. बाई तो करून बघणार होत्या. त्याआधी त्या गेल्या.

नूतन त्यांची शेवटची विद्यार्थिनी. ती लिहिते : 'सर, तुम्ही मेल बघत नाही असं बाई सांगायच्या, म्हणून पत्र. आरोग्य केंद्रांसाठी आम्ही दमट हवेत टिकणारं मशीन करतो आहोत. एकच नवा स्फटिक करून बघण्याइतका अवधी आमच्या हातात आहे. तुमचा करू का? बाईंचा त्यावर विश्वास होता. दिवाळीच्या आत ठरवावं लागेल.'

आता दिवाळी तोंडावर आली आहे आणि मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. त्या गणितात पाण्याचा एक आकडा मी अंदाजानं बसवला होता. तो चुकीचा असेल तर त्या मुलीची सगळी मेहनत माझ्यामुळे फुकट जाईल.

दुपारचं जेवण झालं आहे. मी आरामखुर्चीत पडलो आहे. वर्तमानपत्र छातीवर सरकतं आहे. आत बायको, कुसुम, भांडी विसळते आहे आणि नळाचा आवाज हळूहळू लांब जातो आहे.

"उठू नका," समोरून आवाज येतो. "तुम्ही उठलात की मला जावं लागेल."

बाई टेबलाशी बसल्या आहेत. कडक इस्त्रीची सुती साडी. नाकात नळी नाही.

"बाई, मशीन?"

"आता लागत नाही. एवढा एक फायदा."

बाई बाटली उचलून पत्र मोकळं करतात, वाचतात आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतात.

"हिला उत्तर का नाही दिलंत?"

"गणित पुन्हा तपासतोय."

"किती तपासाल? स्फटिकाला मिशा फुटतील!"

मी हसतो आणि हसता हसता पायाला थंडी लागते. आम्ही संस्थेच्या संगणकखोलीत आहोत. जुन्या पडद्यांवर हिरवी अक्षरं वर सरकताहेत. मी स्वेटर शोधायला वळतो, तर मागे भिंतच नाही. गोल, उंच दालन आहे, घुमटासारखं. त्याला चारी अंगांनी खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकीपलीकडे असंच दुसरं दालन. भिंतीतून सोडियमचे आयन खुंट्यांसारखे पुढे आले आहेत आणि त्यांवर नायट्रोजनचे रेणू सदरे टांगावेत तसे लोंबताहेत. मण्याच्या आतलं हे दालन आयुष्यभर मी फक्त आकड्यांत पाहिलं होतं.

"आपण इथे आलो कसे?"

"आलो नाही. टाकले गेलो," बाई म्हणतात. "तुमच्या गणिताचीच पद्धत ना? रेणूला चालवत न्यायचं नाही. उचलायचं आणि कुठेही टाकायचं."

"हो. ऊर्जा उतरली तर तिथेच राहू द्यायचं."

"आणि चढली तर?"

"तर फासा टाकायचा. कधी राहू द्यायचं, कधी परत न्यायचं."

"चढली तरी राहू का द्यायचं? नुकसानच की ते."

हा प्रश्न मीच मुलांना विचारत असे. वर्गात माझा आवाज चढायचा तो एवढ्या एका उत्तराला. "नाही दिलं तर रेणू पहिल्याच खड्ड्यात अडकतो, बाई. तापमान शून्यावर ठेवलं की तसंच होतं. पुढे कितीतरी चांगली जागा असते, पण तो थोडासुद्धा वर चढत नाही. खड्ड्यालाच घर समजतो."

"अस्सं!" बाई म्हणतात. नुसत्या माझ्याकडे बघत राहतात.

माझे कान तापतात.

खिडक्यांतून पाणी येतं. वऱ्हाडासारखं येतं आणि न विचारता बसून घेतं. एकेका खुंटीवरचे सदरे खाली पडतात. कुठेतरी शिट्टीसारखा बारीक आवाज सुरू होतो. तो मी ओळखतो. ते बाईंचं मशीन आहे. रत्नागिरीच्या घरातली ती खोली, ओल धरलेली भिंत, पलंग. नूतन जमिनीवर बसून मशीनच्या जाळीवर केस वाळवायच्या यंत्रानं गरम हवा मारते आहे. हे मी एकदा खरोखर पाहिलेलं आहे. तेव्हा मी उंबऱ्यातच उभा राहिलो होतो. आताही तिथेच उभा आहे.

"आत या की! दारात काय, वर्गणी मागायला आल्यासारखे?"

मी आत जातो. पलंग रिकामा आहे. बाई खिडकीत बसल्या आहेत.

"बाई, तो पाण्याचा आकडा अंदाजाचा आहे."

"माहीत आहे मला. तुम्हीच सांगितलं होतंत, दर फोनला."

"चुकला असेल तर?"

"तर ती मोजेल आणि तुम्हाला कळवेल. मी दुसरं काय करत होते इतकी वर्षं? तुमचे किती आकडे चुकले, खांबेटे! त्यातला एकतरी वाया गेला?"

"पण मी हो म्हटलं की गणित खरं आहे असंच ती धरेल."

"तिला खरं-खोटं सांगायला तुम्ही कोण? ते स्फटिक सांगेल. तुम्ही आकडा सांगा आणि तो किती डळमळीत आहे तेही सांगा. ठरवू दे तिला. लहान नाहीये ती."

नूतन मान वर करत नाही. गरम हवा चालूच आहे.

"हात पुढे करा," बाई म्हणतात. बाटलीतला एक मणी माझ्या तळहातावर ठेवतात आणि फुलपात्रातलं थोडं पाणी त्यावर सांडतात. ही त्यांची जुनी गंमत. पाणी शिरलं की कोरडा मणी तापतो. नव्या मुलांना त्या पहिल्याच दिवशी हे करून दाखवायच्या.

"चटका बसतोय, बाई."

"बसू दे. मूठ सोडू नका."

नळाचा आवाज जवळ येतो आहे.

"बाई, तुम्ही..."

"अहो," कुसुम म्हणते, "झोपेत कुणाशी भांडत होतात?"

वर्तमानपत्र खाली पडलं आहे. दारात कुसुम पदराला हात पुसत उभी आहे.

"उकिडवेबाईंशी."

"मग हरलाच असाल," ती म्हणते. "चहा टाकू?"

माझी उजवी मूठ आवळलेली आहे. उघडतो. तळहात ओला आहे आणि त्यावर एक मणी आहे, कोमट. टेबलावर बाटलीचं झाकण घट्ट लावलेलं आहे. मी त्याचा अर्थ लावत बसत नाही. तसा बसलो तर संध्याकाळ होईल हे मला ठाऊक आहे.

"चहा पोस्टातून आल्यावर घेतो," मी म्हणतो आणि लिहायला बसतो.

'चि. नूतन, उशीर झाला. सोबत त्या स्फटिकाचं सगळं गणित पाठवतो आहे. यात पाण्याचा आकडा मी अंदाजानं बसवलेला आहे. त्याखाली लाल रेघ मारली आहे. हा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर काय होईल, तेही शेवटच्या पानावर लिहिलं आहे. माझ्या मते हा स्फटिक करून पाहावा. चुकलो असेन तर कुठे चुकलो ते मला नक्की कळव.'

'माझ्या मते' हे शब्द मी खोडायला जातो, पण मग राहू देतो. कागदांच्या घडीत मणी ठेवून पाकीट चिकटवतो.

पोस्टात खिडकीपलीकडची मुलगी पाकीट दाबून बघते. "काका, आत काहीतरी टणक लागतंय."

"एक मणी आहे."

"शिक्का मारताना फुटेल हं."

"फुटला तरी चालेल," मी म्हणतो. "मारा."

ती शिक्का मारते.