पांढऱ्या पायाची झुनिल्दा

ला पोर्फियादा ही आमच्या वाळवंटातली लहानशी तांब्याची खाण. ती बंद पडून चाळीस वर्षं झाली, पण कुणी बंद पाडली हे इथे कुणालाही विचारा, नाव तयार असतं. झुनिल्दाने.

बाईने आत पाऊल टाकलं की खाण रुसते, धातू लपवते, असं आमच्याकडे मानतात. झुनिल्दा तेव्हा खाणीवरची स्वयंपाकीण. एकदा तिची शेळी बोगद्यात घुसली आणि तिला शिंगाला धरून ओढून आणायला ही आत गेली. आठवड्याभरात खडकातली तांब्याची हिरवीगार, हातभर रुंदीची शीर सुरीने कापल्यासारखी तुटली. पुढे नुसती करडी माती, पिठासारखी मऊ. गड्यांनी डावीकडे खणलं, खाली खणलं, शिव्या घातल्या आणि बिऱ्हाडं उचलली. झुनिल्दा तिथेच शेळ्या पाळत राहिली.

"शेळीसुद्धा मादीच होती की," ती म्हणायची. "तिला कुणी बोल नाही लावला. दूध प्यायले मेले तिचं."

मी टँकरने तिचं पाणी पोचवतो, म्हणून मला पुढचं ठाऊक. एका वर्षी कधी नव्हे तो पाऊस झाला, लोंढा आला, तिच्या झोपडीमागचा उतार खरवडून गेला. बघते तर हिरवी शीर! कधीकाळी त्या मऊ मातीच्या चिरेवरून डोंगरच घसरला होता आणि शिरेचं दुसरं टोक उजव्या अंगाला, पार वर राहिलं होतं. तिने दगड जिभेला लावला. चिकटला. आमचा हिरवा दगड असाच चिकटतो.

दुसरी कुणी असती तर गावभर बोंबलली असती. हिने तिथे खड्डा घेतला, वर फळ्या ठोकल्या आणि पाहुण्यांसाठी संडास बांधला.

पाहुणे वर्षातून एकदाच यायचे. ऑगस्टात, खाणवाल्यांचा पाठीराखा संत लोरेन्सो याच्या सणाला, जुने गडी त्याची मूर्ती घेऊन खाणीच्या तोंडाशी येत, दारू शिंपडत, गेलेल्या शिरेच्या नावाने रडत, बकरा चापत आणि एकेक करून संडासात, त्याच शिरेवर जाऊन बसत. झुनिल्दा एप्रनमध्ये तोंड खुपसून हसायची.

पण खाणीचा जुना मुकादम एलेओदोरो दिसला की तिचं हसू आटे. पहिलं बोट त्याने दाखवलं होतं. त्यानेच मागे घेतलं तर लोक मानणार. आणि यंदा तर मुकादम काठी टेकत, धापा टाकत आला होता. हा गेला की आपण कायमच्या पांढऱ्या पायाच्या, हे तिला दिसत होतं.

जेवताना तिने विचारलंच, "मुकादम, खाण माझ्यामुळे गेली का हो?"

"तसं कुठं म्हणतो मी?" तो हाड चोखत म्हणाला. "तू आत गेलीस. खाण गेली. एवढंच म्हणतो."

गडी खिदळले. मुकादम पोट धरून उठला आणि मागे संडासात गेला. झुनिल्दाही गेली, आणि तिने बाहेरून कडी घातली.

"ए बाई! दार उघड!"

"आधी खरं बोला. संत ऐकतोय." तिने खरंच मूर्ती आणायला लावली. धरून उभा मी.

"वेड लागलं का तुला? मुकादम आहे मी!"

"तिथं बसल्यावर सगळे सारखेच."

बरीच आदळआपट झाली. मग आतून आवाज आला, "बरं. निम्मी चूक तुझी."

"निम्मं दार उघडत नाही, मुकादम."

आता गडी माझ्याभोवती जमले होते. फळ्यांमागे म्हातारा खोकला.

"तुझ्या पायानं नाही गेली. डोंगर सरकलाय हे मला तेव्हाच कळलं होतं. दुसरं टोक सापडेना, मग गड्यांना काय सांगू? तुझं नाव घेतलं."

"मोठ्यानं."

त्याने पुन्हा सांगितलं, ओरडून. कुणी हसलं नाही. एकाने टोपी काढली.

झुनिल्दाने डोळे पुसले, कडी काढली. "या बाहेर. पण आधी खाली बघा, खड्ड्याच्या भिंतीला."

दार काही उघडेना.

"मुकादम?"

"झुनिल्दाबाई," म्हातारा आतून म्हणाला, "जरा दिवा द्या. आणि कडी लावून घ्या. कुणाला आत सोडू नका."